मान वळवायची नाही

पैज लागली तेव्हा क्लोव्हिस टार्पलीच्या हातात गांडुळांचा डबा होता आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. माझे हात रिकामे असले की गावात कोणाचं तरी काहीतरी बिघडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

सकाळचे सात वाजले होते. आमच्या गळाच्या दुकानात डेसा काउंटरमागे वाकून रातकिड्यांना बटाट्याचे काप घालत होती. मासेमारीला जाणारे लोक हे रातकिडे डझनाने नेतात. डेसा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, ल्यूशसदादाची मुलगी, ओडेसा. चोवीस वर्षांची, आणि यंदाच्या वसंत ऋतूपासून दुकान तीच बघते. कमरेला पिस्तूल. मी मागच्या दाराने चवड्यांवर आत आलो, तिच्यापासून तीन हातांवर थांबलो आणि बेंबीच्या देठापासून गरजलो, "शेरीफचे पोलीस! हात दिसू देत!"

बटाटे खाली पडले. दोन्ही हात खांद्यांच्या वर गेले, बोटं पसरलेली. मान जिथल्या तिथे, जणू कोणी खिळा मारलाय.

"ऑर्व्हीकाका," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कांदा खाऊन आलायस. वास इथपर्यंत येतोय."

"बोललीस! हरलीस!"

"बोलायला बंदी नाही. वळायला आहे. आणि हे बटाटे तू उचलायचे."

क्लोव्हिस दारात उभा राहून खिदळत होता. त्याचं होड्या दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे आणि त्याला कामधंदा कमी आहे. "कितवी वेळ रे ही?"

"अकरावी," मी म्हणालो. "पहिल्या वेळी अंडी सोडली, सबंध तबक. चौथ्या वेळी माझी कॉफी."

"ही पोरगी जन्मात वळायची नाही, ऑर्व्हिल."

"माझ्या आवाजाला मेलेला माणूस वळेल."

"लाव पैज!"

लागली. मुदत शनिवारपर्यंत, म्हणजे क्रेनशॉ कुटुंबाचं वार्षिक जेवण संपून सूर्य बुडेपर्यंत. तोवर डेसाची मान वळली तर क्लोव्हिस हरला, नाही वळली तर मी. हरणाऱ्याने चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत शाळेच्या बँडपुढे मासा होऊन चालायचं. हा मासा म्हणजे आमच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी मी चौऱ्याण्णव साली शिवून घेतलेलं सोंग. रबरी अंग, नळीच्या मिशा, आणि आत असा वास की त्यात एकदा उंदीर शिरला होता तो आपणहून बाहेर आला. गांडुळांच्या मातीने भरलेले हात आम्ही एकमेकांच्या हातात दिले.

"तुम्ही दोघं मिळून एकशे बारा वर्षांचे आहात," डेसा म्हणाली. हात अजून वर. "आता खाली करू का?"

तुम्ही म्हणाल, हा काय चावटपणा. तर ऐका.

आमच्या घरात बंदुका पणजोबांपासून आहेत. रात्री तोंडं झाकून काळ्यांची घरं जाळायला येणाऱ्या घोडेस्वारांना पणजोबा ओसरीवर दुनळी घेऊन सामोरे गेले. त्या काळी आमच्या अलाबामात काळ्या माणसाने शेरीफला बोलावलं तर येणाऱ्यांत शेरीफच असायचा, तोंड झाकून. तेव्हा बंदूक ही आमच्याकडे शोभेची वस्तू नाही, ती घराण्याची अब्रू आहे. पण व्हर्डेल आत्या म्हणते, अब्रू राखायला आधी जिवंत राहावं लागतं.

आत्या अठ्ठ्याहत्तरची. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत बंदुकीचा वर्ग घेते. नेम धरणं ती एका तासात उरकते. "नेम काय, माकडालाही शिकवता येतो," म्हणते. बाकी तीन तास एकच विषय: तुमच्या हातात बंदूक आहे आणि पोलीस आले. "तुम्ही चोर पकडलाय हे तुम्हाला माहीत. पोलिसाला काय माहीत? त्याला दिसतो फक्त बंदूकवाला माणूस. तेव्हा हातात असेल ते सोडा. हात उघडे. मान वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हात वळतो, आणि हातात काय आहे?"

हे ती सांगते तेव्हा खोलीत कोणीच ल्यूशसदादाकडे बघत नाही. सगळे मुद्दाम दुसरीकडे बघतात, हेच वाईट.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. मी चौदाचा, दादा एकोणतीसचा. माझी त्या वर्षीची नवी गंमत म्हणजे पोलिसाचा आवाज. कुंपणामागून ओरडायचं, "शेरीफचे पोलीस!", की लोक टरकायचे. दादा दोनदा फसला, तिसऱ्यांदा हसला. मग एका दुपारी दादाने होडीचं इंजिन उचलून नेणाऱ्या माणसाला दुकानाच्या दारात दुनळीसमोर उभं केलं. कोणीतरी फोन केला. मागून आवाज आला, "शेरीफचे पोलीस! बंदूक टाक!" आणि दादा वळला. हसत वळला. "चल फूट, ऑर्व्ही," म्हणत. दुनळी त्याच्याबरोबर वळली.

गोळी डाव्या कोपरात लागली. तो हात तेव्हापासून छातीच्या वर जात नाही.

घरात सगळे म्हणतात, पोलिसाने घाई केली. केलीच. पण दादा हसत का वळला, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. छत्तीस वर्षं त्याने ते कोणाला सांगितलं नाही, आणि मी हजार खोड्या केल्या पण तो आवाज पुन्हा काढला नाही.

या जूनच्या पहिल्या आठवड्यात दादा मासोळ्यांच्या टाकीपाशी आला. मी जाळीने मेलेल्या मासोळ्या काढत होतो.

"तो आवाज काढ," तो म्हणाला.

"कुठला?"

"तोच. डेसासाठी."

माझ्या हातून जाळी पडली. "दादा, नाही. सरावाला आत्याची शिट्टी आहे की."

"शिट्टीला ती हात वर करते, कारण ती शिट्टी आहे. उद्या खरा माणूस ओरडेल, मागून, रागाने. तेव्हा कोण आहे ते बघावंसं वाटतं. मला वाटलं होतं." त्याने धड हाताने टाकीतलं पाणी ढवळलं. "तिला इतक्या वेळा ओरड की बघावंसं वाटणंच बंद होईल."

"आणि तिला वाटलं मीच आहे, आणि खरा निघाला तर?"

"म्हणूनच तू ओरडायचं. तू असलास तरी तिने वळायचं नाही."

म्हणजे बघा, क्लोव्हिसशी लावलेली पैज मी हरावी म्हणून मी रोज जीव तोडून जिंकायचा प्रयत्न करत होतो. असा जुगार जगात कोणी खेळला नसेल.

*

शनिवारी दुकानामागच्या गवतावर आम्ही एकतीस जण जमलो, एकतीस पिवळे शर्ट. दर वर्षी एकाच रंगाचे शर्ट छापून घ्यायची आमची रीत आहे, पाठीवर आडनाव आणि साल. या वर्षीचा रंग मी निवडला होता. अंड्याच्या बलकाचा. तळ्याच्या पलीकडून दिसावा म्हणून. पुढे त्याचं काय झालं ते येतंच.

आत्याने बारा वाजता शिट्टी फुंकली. सगळ्यांनी हातातलं सोडलं आणि हात वर केले, तीन पोरांनी मक्याची कणसं टाकली. एकटा मार्लन बाकावर बसून राहिला. मार्लन आत्याचा मुलगा, डेट्रॉईटला शाळेत इतिहास शिकवतो. दर वर्षी येतो, दर वर्षी भांडतो, आणि जाताना दोन डबे भरून नेतो.

"उठ," आत्या म्हणाली.

"आई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. शिट्टीवर हात वर करायला ही काय सर्कस आहे?"

"सर्कशीला तिकीट लागतं. इथे जेवण फुकट आहे."

पोरं हसली. मार्लनही हसला असता, पण तो पेटला होता. "कायदा मला बंदूक बाळगू देतो ना? मग त्यांनी शिकावं, की बंदूक असलेला प्रत्येक काळा माणूस चोर नसतो. आपण का हे नाच शिकायचे? ल्यूशसदादाने काय चूक केली होती? स्वतःच्या दुकानात उभा होता!"

दोन-तीन तरुण भाच्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर हात खालीच घेतले. मी मनातून मार्लनच्या बाजूला होतो आणि पोटातून आत्याच्या, कारण पीचची खीर तिच्या ताब्यात होती.

"त्यांनी शिकायलाच हवं," आत्या म्हणाली. "तू शिकव. पत्रं लिही, मत दे, कोर्टात जा, मी डबा बांधून देते. पण ते शिकतील कधी, सोमवारी की वीस वर्षांनी? तोवर माझी पोरं मला मोजून एकतीस पाहिजेत. दादाला विचार हवं तर."

सगळ्यांनी शेगडीकडे पाहिलं. दादा भाजत्या बरगड्यांवर सॉस सोडत होता. "मांस करपेल," एवढंच म्हणाला.

"बर्फ संपलाय," डेसा उठून म्हणाली. तिला बापाच्या हाताची चर्चा सोसत नाही. "दुकानातून आणते."

ती गेली. मी बाराव्या प्रयत्नासाठी उठलोच होतो, पण आत्याने दंडाला धरलं. "ऑर्व्हिल, आधी त्या खुर्च्या सावलीत ने." खुर्च्या सोळा होत्या. त्या सोळा खुर्च्यांचे मी आजही आभार मानतो.

नववी खुर्ची उचलत होतो तेव्हा रस्त्याकडून क्लोव्हिस धावत आला. क्लोव्हिस धावतो हेच मला माहीत नव्हतं.

"दुकानात एक माणूस आहे! सुरा घेऊन! डेसाने त्याच्यावर पिस्तूल धरलंय!" त्याला धाप लागली होती. "आणि गाडीत एक बाई... गांडुळं घ्यायला आलेली... फोनवर पोलिसांना सांगतेय, दुकानात बंदूकवाली व्यक्ती आहे, पिवळा शर्ट! मी म्हटलं, बाई, ती मालकीण आहे! तिने काचा वर केल्या!"

पिवळा शर्ट. मी गवतावर पाहिलं, तिथे अजून तीस होते.

मार्लनच्या हातात पिस्तूल आलंसुद्धा. दोन भाचे त्याच्यामागे. "चला!"

शिट्टी वाजली. आत्याने ती अशी फुंकली की तळ्यावरचे बगळे उडाले.

"कोणी जायचं नाही! पोलीस येताहेत, त्यांना पिवळा शर्ट आणि बंदूक एवढंच सांगितलंय, आणि तुम्ही तीन जण पिवळे शर्ट घालून बंदुका नाचवत जाणार? आत एक आहे ती पुरे! सगळ्यांनी काढा. टेबलावर. आत्ता."

बटाट्याच्या कोशिंबिरीशेजारी पहिली आत्याने स्वतःची ठेवली, पर्समधून काढून. मग एकेक. मी माझी ठेवली. आठ झाल्या. मार्लन तसाच उभा, पिस्तूल हातात.

"ठेव, मार्लन," दादा म्हणाला. शेगडी सोडून तो मार्लनसमोर आला होता.

"दादा, तुझी मुलगी आहे आत!"

"म्हणूनच."

"आणि तो सुरा?"

"त्याला ती पुरून उरेल. तुला आणि पोलिसांना एकाच वेळी ती पुरणार नाही."

मार्लनने दादाच्या डोळ्यांत पाहिलं, मग त्या वाकड्या हाताकडे. नववं पिस्तूल कोशिंबिरीपाशी गेलं.

गाड्या आल्या त्या दोन. एक दुकानाच्या पुढच्या बाजूला गेली, दुसरी सरळ गवतावर. तिच्यातून एक कोवळा पोलीस उतरला, हॉलिस नाव, विशीतला, मिशी यावं की नको ते अजून ठरवत असलेली. त्याने बंदूक उपसली आणि समोर बघून त्याचा जबडा खाली आला. बिचाऱ्याला एक पिवळा शर्ट शोधायला पाठवलं होतं.

"हात! सगळ्यांनी हात वर!"

पण आमचे हात आधीच वर होते. ऐंशीच्या मामीपासून चार वर्षांच्या टोपीवाल्या पोरापर्यंत, बोटं पसरून. "नऊ पिस्तुलं टेबलावर आहेत, बाळा," आत्या शांतपणे म्हणाली. "कोणी टेबलाजवळ नाही. तू सांगशील तसं करू."

हॉलिसची नजर फिरत फिरत दादावर अडकली. "तुम्ही! डावा हात! वर करा!"

"जात नाही."

"वर करा म्हणतोय!" बंदुकीची नळी दादाकडे आली.

दादाने आवाज चढवला नाही. "बाळा, हा हात एवढाच जातो. सत्त्याऐंशीपासून. तुमच्याच खात्याने केलाय. बोटं उघडी आहेत, बघ. मी हलत नाही."

हॉलिसने ती बोटं पाहिली. मग नळी खाली जमिनीकडे गेली. "बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बरं, सर."

आणि तेव्हा, सगळं निवळतंय असं वाटत असताना, माझ्या डोक्यात वीज चमकली. पुढच्या गाडीतला पोलीस दुकानाला वळसा घालून आता मागच्या दाराने आत शिरत होता. रोज मी शिरतो त्याच दाराने. तो ओरडणार, आणि डेसाला वाटणार, मीच. ऑर्व्हीकाका. बारावी वेळ. आणि या वेळी तिच्या हातात बटाटा नव्हता.

मी तोंड उघडलं.

"गप्प," दादा ओठ न हलवता म्हणाला. "तुझा आवाज इकडून आला तर ती इकडे बघेल."

पन्नास वर्षांत मी एवढा वेळ गप्प बसलो नव्हतो. हात वर, घाम डोळ्यांत, आणि दुकानातून नुसता रातकिड्यांचा आवाज.

*

आत काय झालं ते डेसाने मला इतक्या वेळा सांगितलंय की आता वाटतं, मी तिथेच होतो.

ती बर्फाच्या पेटीपाशी वाकलेली असताना तो माणूस आला. चाळिशीचा, ओळखीचा नाही. काउंटरवरचा मासे कापायचा सुरा त्याने उचलला आणि गल्ला उघडायला सांगितलं. डेसा मागे सरकली, पिस्तूल काढलं. तो दचकून मागे गेला तो थेट रातकिड्यांच्या खोक्यावर आदळला. खोकं फुटलं. चार हजार रातकिडे.

"सुरा टाक. पालथा झोप."

तो झोपला. डेसाने सुरा पायाने फडताळाखाली सरकवला, दुसऱ्या हाताने फोन लावला, नाव सांगितलं, दुकान सांगितलं, पिवळा शर्ट सांगितला, फोन काउंटरवर ठेवला. आणि उभी राहिली, मासोळ्यांच्या टाकीला टेकून, पिस्तूल त्या माणसाच्या दिशेने. किडे तिच्या पायांवर चढले. एक मानेवर आला, कानामागे. तिने हात लावला नाही.

बाहेर खडी वाजली. गाडी. पिस्तूल खाली ठेवावं म्हणून तिने हात टाकीवर नेला, आणि तेवढ्यात मागचं दार करकरलं.

"शेरीफचे पोलीस! बंदूक टाक!"

तिने बोटं उघडली. पिस्तूल टाकीत पडलं, पाणी उडालं, मासोळ्या पळाल्या. दोन्ही हात वर. मान भिंतीकडे. मानेवरचा किडा गालावर आला.

आणि मग आमची डेसा, हात वर, पाठ पोलिसाकडे, वैतागून म्हणाली, "ऑर्व्हीकाका, आत्ता नको रे! इथे खरा चोर आहे!"

मग मागून आवाज, "काका कोण?"

"तुम्ही... तुम्ही काका नाही?"

"नाही."

"बरं," डेसा म्हणाली. "मी वळत नाहीये. नाव ओडेसा क्रेनशॉ, दुकान माझं आहे, पिस्तूल टाकीत आहे, परवाना उजव्या मागच्या खिशात. तुम्ही सांगाल तेव्हाच हात लावीन."

"साहेब, आधी मला घेऊन जा!" जमिनीवरून चोर किंचाळला. "मीच आलो होतो चोरायला! पँटीत किडे शिरलेत!"

पोलिसाने दोघांनाही बेड्या घातल्या. कोण कोण आहे हे ठरेपर्यंत, म्हणाला. डेसाने हात मागे केले.

*

ती तशीच बाहेर आली, बेड्यांत. केसांत रातकिडे, ओठ घट्ट मिटलेले, मान मात्र सरळ. मार्लनच्या तोंडून काहीतरी निघणार होतं. आत्याने त्याच्याकडे पाहिलं नाही, नुसता आपला वर केलेला हात त्याच्या हाताजवळ नेला. तो गप्प राहिला. ते मार्लनला किती जड गेलं ते मला माहीत आहे.

दहा मिनिटांत सगळं उलगडलं. फोनवरचं तिचं बोलणं नोंदलेलं होतं, गाडीतल्या बाईनेही काच खाली केली. बेड्या निघाल्या. आतल्या, वयाने मोठ्या पोलिसाने टाकीत कोपरापर्यंत हात घालून पिस्तूल काढलं, गोळ्या काढल्या, फडक्यात गुंडाळून तिला दिलं. "वीस वर्षं झाली या कामाला," तो आत्याला म्हणाला, "असे हात कोणाचे वर झालेले पाहिले नाहीत. कोण शिकवतं यांना?"

"गुरुवारी सहा वाजता," आत्या म्हणाली. "चर्चच्या मागे. तुमच्या पोरांनाही पाठवा. शिकायला दोन्ही बाजूंना जागा आहे."

हॉलिसने खाली बघत मान हलवली. पुढच्या गुरुवारी तो आलासुद्धा.

मार्लन डेसापाशी गेला. तिच्या मनगटांवर लाल वळ होते. "बेड्या का घालू दिल्यास? तूच तर फोन केला होतास!"

"दहा मिनिटं होत्या, मार्लनकाका," ती म्हणाली. "बाबांचा हात छत्तीस वर्षं झाली."

"मी शेरीफला पत्र लिहिणार आहे."

"लिही," आत्या म्हणाली. "खाली माझी सही घे. मोठी जागा ठेव."

मार्लनने आईकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच बाजूला होते, आणि दोघांनाही ते जरा अवघडच वाटत होतं.

सगळ्यांत शेवटी दादा आला. धड हाताने त्याने तिच्या केसांतला एक रातकिडा काढला, गवतात सोडला.

"वळली नाहीस."

"वाटलं होतं ऑर्व्हीकाकाच आहे."

"तरी?"

"आत्याआजी म्हणते, कोण आहे ते बघायचं नाही. आणि काका असला तर त्याला जिंकू द्यायचं नव्हतं."

दादा सगळ्यांकडे वळला. तो भाषण करणारा माणूस नाही. "मी वळलो होतो," तो म्हणाला. "हसत वळलो होतो. मला वाटलं, ऑर्व्ही गंमत करतोय. चौदा वर्षांचं पोर होतं ते, त्याचा काही दोष नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. न सांगितल्याने त्याने उगाच ओझं वाहिलं."

सगळे पिवळे शर्ट माझ्याकडे बघत होते. मला एक विनोद सुचला होता, चांगला होता, पण तो सोडून मी नववी खुर्ची उचलली.

"ही माझी मुलगी," दादा म्हणाला. वाकडा हात जेवढा वर जातो तेवढा वर करून तिच्या खांद्यावर ठेवला. "बघा हिच्याकडे. क्रेनशॉ अशी उभी राहते."

मग क्लोव्हिसने घसा खाकरला. सूर्य अजून हातभर वर होता. "ऑर्व्हिल," तो म्हणाला, "अजून वेळ आहे, ओरडून बघतोस?"

"मी हरलो," मी म्हणालो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी म्हणालो नसेन.

*

चार जुलैला ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं. मी मासा झालो. रबरी अंगात घामाचं तळं, नळीच्या मिशा गुडघ्यांपर्यंत, हातात पोरांना वाटायला गोळ्यांची टोपली. मागे शाळेचा बँड, पुढे वाहतूक थांबवत हॉलिस, हसू दाबून दाबून लाल झालेला. चर्चपासून न्यायालयापर्यंत दोन्ही बाजूंना गाव उभं. क्लोव्हिस फुटपाथवरून बरोबरीने चालत होता आणि मासा किती किलोचा असेल याची बोली लावत होता. आत्या खुर्चीत बसून पंख्याने वारा घेत होती. मार्लन मुद्दाम थांबला होता, फोटो काढायला. डेसाने दुकानाच्या फळ्यावर लिहिलं होतं: "कायद्याने तपासलेल्या मासोळ्या, आजपुरत्या स्वस्त." दुपारपर्यंत टाकी रिकामी.

न्यायालयाच्या पायऱ्यांपाशी बँड थांबला. आणि माझ्या मागून आवाज आला.

"शेरीफचे पोलीस! हात दिसू देत!"

आवाज वाईट होता. घोगरा, चिरका, मध्येच फाटलेला. हॉलिस तर माझ्यापुढे उभा होता, आणि क्लोव्हिसचं तोंड मला दिसत होतं, ते मिटलेलं होतं. हा आवाज काढण्याचा सराव नसलेल्या माणसाने काढला होता.

माझ्या हातून टोपली सुटली. गोळ्या रस्ताभर झाल्या, पोरं तुटून पडली. मी माशाचे दोन्ही पंख वर केले, जेवढे जातात तेवढे.

मागे कोणीतरी हसायला लागलं. आधी हळू, मग पोट धरून. ते हसणं मी सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यानंतर ऐकलं नव्हतं. छत्तीस वर्षं. मला वळून बघायचं होतं, देवाशपथ, आयुष्यात कशाची एवढी इच्छा झाली नव्हती.

पण सगळं गाव बघत होतं. मी मान वळवली नाही.